सुयश ओळ सोडून गेला नव्हता

पोलीस ठाणे: जिंडाबाइन, न्यू साउथ वेल्स
दिनांक व वेळ: शनिवार, १७ ऑक्टोबर २०२०, सकाळी ११.२० ते दुपारी २.०५
जबाब देणार: भास्कर विश्राम सकपाळ, वय ५४ वर्षे, व्यवसाय इंजिनिअर (पावसाच्या पाण्याचा निचरा), राहणार स्कोफिल्ड्स, सिडनी, मूळ गाव बदलापूर, जिल्हा ठाणे
दुभाषी: श्रीमती चित्रलेखा कुमार, मेलबर्नमधील ग्लेन वेव्हर्ली येथील त्यांच्या घरातून, फोनवर

मी स्वतः हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी लता हिच्यासह राहतो. मी ऑस्ट्रेलियात एकवीस वर्षे आहे. मला इंग्रजी चांगलं येतं आणि दुभाष्याची मला स्वतःला गरज नाही. हा जबाब मराठीत लिहून घ्यावा अशी विनंती मी केली. सीनियर कॉन्स्टेबलसाहेबांनी कारण विचारलं. ते शेवटी येईल.

याच ठाण्यात, याच टेबलावर, मी २९ ऑगस्ट रोजी संध्याकाळी इंग्रजीत एक जबाब दिला आहे. तो हिमस्खलनात मरण पावलेल्या सुयश पगारे याच्याबद्दल आहे. त्यात मी सांगितलं की, मी सगळ्यांना तो उतार एकेकट्याने ओलांडायला सांगितलं होतं आणि सुयश न ऐकता, ओळ सोडून, मध्येच उतारावर आला. हे खोटं आहे. आज मला कुणी बोलावलेलं नाही. सहा तास गाडी चालवून मी माझा मी आलो आहे.

आमचा ‘शनिवार मंडळी’ नावाचा ट्रेकचा ग्रुप आहे. अकरा जण आहोत, सगळे मराठी, बहुतेक स्कोफिल्ड्स आणि आसपासचे. ग्रुप मी सुरू केला आणि लीडर मीच. मी कॉलेजपासून सह्याद्रीत फिरलेला माणूस आहे. मला सगळे दादा म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

ग्रुपचा नियम एकच आहे आणि तो मी घालून दिलेला आहे: ओळ तुटता कामा नये. पुढे लीडर, शेवटी एक भरवशाचा माणूस, आणि मधल्या प्रत्येकाला पुढचा आणि मागचा दिसला पाहिजे. माझ्या गळ्यात शिट्टी असते. एक शिट्टी म्हणजे पुढे या, अंतर मिटवा. दोन म्हणजे आहात तिथे थांबा. तीन म्हणजे संकट. हा नियम मी हौसेने केलेला नाही. १९९१ साली कर्जतजवळच्या एका घाटात धुक्यात आमच्यातला एक मुलगा मागे राहिला आणि दुसऱ्या दिवशी तो दरीत सापडला. तेव्हापासून एकोणतीस वर्षं मी कुणाला मागे सोडलेलं नाही, हे मी प्रत्येक नव्या मेंबरला सांगतो. सांगत असे.

सुयश रामदास पगारे, वय ३४, हा पश्चिम सिडनीतल्या एका हॉस्पिटलात नर्स होता. मूळचा मनमाडचा. घरी पत्नी करुणा आणि पाच वर्षांची मुलगी अंजू. मार्चपासून तो कोविड वॉर्डात होता. पहिले तीन महिने तो घरात वेगळ्या खोलीत झोपला आणि जेवणाचं ताट दाराबाहेरून घेत राहिला. ग्रुपमध्ये शेवटचा माणूस नेहमी तोच. त्याला मागे ठेवलं की मला एकदाही वळून बघावं लागत नसे.

यंदा कोविडमुळे स्कीच्या रिसॉर्टमध्ये मोजक्याच माणसांना सोडत होते. तिकिटं मिळत नव्हती आणि सिडनीची माणसं घरात बसून विटली होती. जो तो उठून बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगरात जात होता. तिथे तिकीट नसतं आणि गस्तही नसते. सुयशला सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग तीन दिवस सुट्टी मिळाली होती. त्याला बर्फात चालायचं होतं. मी चौघांचा बेत केला: मी, सुयश, केतन दामले (वय ३८, आयटी, मूळ पुणे) आणि प्रतीक्षा रणपिसे (वय २६, पीएचडीची विद्यार्थिनी).

आमच्यात हिमस्खलनाचा कोर्स केलेली एकटी प्रतीक्षा होती. दोन दिवसांचा. मी तिला त्यावरून चिडवत असे. दोन दिवसांत पोहायलासुद्धा येत नाही, असं मी गाडीत म्हणालो होतो. ती हसली होती. फावडी, गाडलेला माणूस शोधायला बर्फात खुपसायच्या लांब सळ्या आणि चार ट्रान्सिव्हर तिच्याच आग्रहाने भाड्याने घेतले. ट्रान्सिव्हर हे छातीवर बांधायचं छोटं यंत्र असतं. ते सतत सिग्नल पाठवतं. कुणी गाडला गेला तर बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर फिरवायचं, म्हणजे गाडलेल्या माणसाचा सिग्नल मिळतो. प्रतीक्षाने मोटेलच्या अंगणात ते कसं फिरवायचं हे दाखवलं. मी तेव्हा चहा करत होतो.

शनिवारी २९ तारखेला सकाळी ७.४० वाजता आम्ही गुथेगाच्या कार पार्कमधून निघालो. पायात स्नोशूज, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या, आणि हातात चालायच्या काठ्या होत्या. नदीवरचा झुलता पूल ओलांडून वर चढलो. हवा स्वच्छ होती, थंडी उणे चार. आधीच्या आठवड्यात पाऊस पडून जुन्या बर्फावर काचेसारखा कडक थर झाला होता. त्यावर अर्धा मीटर नवा बर्फ पडला होता आणि दोन दिवस पश्चिमेचा जोरदार वारा होता. वारा पश्चिमेकडचा बर्फ उचलून धारेच्या पूर्वेला नेऊन टाकतो. हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या स्वयंसेवकांच्या वेबसाइटवर त्या सकाळी पूर्वेकडच्या उतारांवर जपून, असं लिहिलेलं होतं. प्रतीक्षाने ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मी ऐकलं होतं.

१०.५० वाजता प्रतीक्षाने बर्फाचे थर पक्के आहेत का हे बघायला एका छोट्या उतारावर खड्डा खणला. बर्फाचा एक खांब मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर आधी मनगटातून दहा आणि मग कोपरातून थापट्या मारू लागली. बाराव्या थापटीला वरचा अख्खा थर त्या कडक थरावरून सरकून तिच्या मांडीवर आला. कापलेल्या वडीसारखा, सरळ कडांचा. सुयशने तो हातात घेऊन पाहिला.

इथे मला सांगितलं पाहिजे की, माझा पोटापाण्याचा धंदाच उतारांचा आहे. खाली गुळगुळीत पृष्ठभाग, वर सैल भार, आणि भार वाढत चाललेला. असा मातीचा उतार ऑफिसात माझ्यासमोर आला असता तर मी त्याखाली एक शेडसुद्धा बांधू दिली नसती. मला समजलं नाही असं कुणी म्हणू नये. मला समजलं होतं.

११.३५ वाजता आम्ही मोठ्या उताराच्या कडेला पोचलो. पूर्वेकडे तोंड, साधारण एकशे वीस मीटर आडवं चालायचं, पलीकडे खडक. वरून धारेवरून ढग उतरायला लागला होता. प्रतीक्षा म्हणाली की परत फिरावं हे बरं; आणि जायचंच असेल तर एकेकट्याने जायचं, बाकीच्यांनी कडेच्या खडकांत उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. भार एका वेळी एकाचा पडतो, आणि घसरलंच तर शोधायला तिघं उरतात.

मी नाही म्हणालो. ढगात दोघं अलीकडे आणि दोघं पलीकडे राहिले तर काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, ढगापेक्षा हे वाईट आहे. केतन म्हणाला, दादांना अनुभव आहे, चला. मी जे म्हणालो ते शब्दशः असं: “सहा महिने दीड-दीड मीटर लांब उभे राहून कंटाळलो. आज तरी एकत्र चालू. माझी ओळ तुटणार नाही.” सगळे हसले. प्रतीक्षा हसली नाही.

 सुयश माझ्याशी कधी वाद घालत नसे.

११.४५ वाजता आम्ही निघालो. पहिला मी, मग प्रतीक्षा, मग केतन. मी अर्ध्याच्या पुढे गेल्यावर वळून पाहिलं. सुयश उतारावर आलाच नव्हता. तो कडेच्या खडकांत उभा होता आणि आमच्याकडे बघत होता. मला नंतर प्रतीक्षाने सांगितलं की निघताना ती त्याला हळूच म्हणाली होती, “तू तरी थांब. Someone has to watch.” आणि तो थांबला होता. चौघांत तेवढा एकच माणूस त्या वेळी बरोबर जागी उभा होता.

मला राग आला. केतनच्या मागे चाळीस मीटर मोकळे होते आणि वरून ढग. मी शिट्टी तोंडात घेतली आणि एकदा वाजवली.

सुयशने दोन्ही काठ्या डोक्यावर उचलून एकमेकींवर आडव्या धरल्या. म्हणजे नको. हे मला स्पष्ट दिसलं. पहिल्या जबाबात मी सांगितलं की तो काय करत होता ते मला दिसलं नाही. मला त्याची लाल टोपीसुद्धा दिसत होती.

मी दुसऱ्यांदा एक शिट्टी वाजवली. लांब.

त्याने काठ्या खाली घेतल्या आणि तो आला.

त्याची वीसेक पावलं झाली असतील. ओल्या गादीवर कुणी धपकन बसावं तसा आवाज आला. माझ्या वरच्या बाजूला बर्फात एक चीर धावत गेली, आणि पायाखालची जमीन चालू लागली. वेळ ११.५२. मी शिट्टीसाठी थांबलो तेव्हा प्रतीक्षा माझ्या पुढे निघून गेली होती आणि तोवर पलीकडच्या खडकांना टेकली होती, तिला काही झालं नाही. केतन वाहत गेला, पण बर्फाच्या वरच राहिला. मी मांडीपर्यंत गाडला गेलो. सुयश दिसत नव्हता.

केतनने इमर्जन्सी बीकन, म्हणजे उपग्रहावरून मदत बोलावणारं यंत्र, चालू केलं. फोनला रेंज नव्हती. प्रतीक्षा ट्रान्सिव्हर शोधण्यावर फिरवून उतरली आणि सिग्नलच्या मागे चालत चालत माझ्यापाशी आली. पुन्हा गेली, पुन्हा माझ्यापाशी आली. माझं यंत्र अजून सिग्नल पाठवत होतं. मी ते फिरवलं नव्हतं, कारण मला ते येत नव्हतं. तिने माझ्या जॅकेटमध्ये हात घालून ते बंद केलं, तोवर आठ मिनिटं गेली होती. पहिल्या जबाबात ही आठ मिनिटं नाहीत.

सुयश १२.१७ वाजता सापडला. तो दीड मीटर खाली होता. तोंडासमोर बर्फाची पातळ काच झाली होती, श्वासाने होते तशी. केतनने छाती दाबायला सुरुवात केली. प्रतीक्षा तोंडाने श्वास द्यायला वाकली तेव्हा केतन म्हणाला, थांब, तो कोविड वॉर्डातला आहे. माझा केतनवर राग नाही. सहा महिने आम्हाला हेच शिकवलं होतं. प्रतीक्षाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि ती श्वास देत राहिली. आळीपाळीने आम्ही जवळजवळ दीड तास करत होतो. आमच्यात हे काम नीट येणारा माणूस एकच होता आणि तो खाली पडलेला होता. हेलिकॉप्टर १.४५ ला आलं. २.१० वाजता पॅरामेडिकने थांबायला सांगितलं.

संध्याकाळी या टेबलावर मला विचारलं गेलं की उतार ओलांडण्याबाबत काही योजना होती का.  माझ्या तोंडून प्रतीक्षाचीच योजना माझी म्हणून बाहेर पडली, एकेकट्याने जायची. आणि ती योजना माझी ठरली की सुयशने ती मोडली असं ओघानेच आलं. मी ठरवून आलो नव्हतो. पण कागद वाचून दाखवला तेव्हा मी अडवलंही नाही, आणि सही केली. भीती तुरुंगाची नव्हती. उद्यापासून मला कुणी दादा म्हणणार नाही याची होती. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडलं.

विमानं बंद असल्याने सुयशला मनमाडला नेता आलं नाही आणि त्याची आई सोजरबाई पगारे, वय ६३, यांना इकडे येता आलं नाही. अंत्यविधी ५ सप्टेंबरला सिडनीत झाला. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर टॅबलेट उभा करून ठेवला होता, त्यात सोजरबाई होत्या. पगारे आणि आम्ही बौद्ध आहोत. वयाने मोठा म्हणून त्रिशरण-पंचशील मी म्हणायचं आणि लोकांनी माझ्या मागून, असं ठरलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तिथे माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, दुःखाने. कुणीतरी पाणी आणून दिलं. मी ते प्यालो आणि पुढे म्हटलं. टॅबलेटमध्ये सोजरबाई हात जोडून माझ्या मागून म्हणत होत्या.

प्रतीक्षाचा जबाब अपघाताच्या दुसऱ्या दिवशी झाला होता. तिने आपण मागे पाहिलं नाही असं सांगितलं, आणि ते खरं आहे. शिट्टीबद्दल किंवा योजना कुणाची होती याबद्दल तिला विचारलं गेलं नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. ती म्हणाली, “दादा, मी दोन्ही शिट्ट्या ऐकल्यात. मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही सांगा.” त्यानंतर तिने एकदाही फोन केला नाही. केतनचं म्हणणं पडलं की झाकली मूठ सव्वा लाखाची, बोलून सुयश परत येणार आहे का. मला ते पटलं. पटवून घेतलं.

४ ऑक्टोबरला मी आणि लता करुणाच्या घरी डबा घेऊन गेलो. करुणा माझ्याशी आदराने वागली, चहा दिला. मास्कच्या आत ती काय विचार करत होती ते मला कळलं नाही. अंजू अंगणात सायकल चालवत होती. लताने तिला हेल्मेट घाल म्हटलं. तिने लगेच घातलं आणि मला म्हणाली, “You have to listen. Daddy didn't listen, so the snow got him.” करुणा आतून म्हणाली, असंच सांगितलंय तिला मी, निदान ती तरी ऐकेल. हे ती नवऱ्यावरच्या रागाने म्हणाली. तो राग तिच्यात मी घातलेला आहे.

१४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, सोजरबाईंचा फोन आला. त्या दर चार-पाच दिवसांनी करतात. त्या म्हणाल्या, “भास्करभाऊ, करुणा म्हणती कागदात लिहिलंय, त्यानं ऐकलं नाही म्हणून. लहानपणी त्याला एकदा सांगितलं होतं विहिरीवर जायचं नाही. आमच्या गल्लीतली सगळी पोरं जायची, हा कधीच गेला नाही. तिकडं येऊन तो असा कसा झाला? तुम्ही त्याच्यासंगं होता. तुम्ही सांगा, तो ऐकत नव्हता का?”

मी म्हणालो, आई, रेंज नाही, ऐकू येत नाही. आणि फोन ठेवला. रेंज होती.

माझी दुसरी कुठली तक्रार नाही. प्रतीक्षा रणपिसे हिने त्या दिवशी योग्य तो सल्ला दोन वेळा दिला होता आणि केतनने व मी तो मानला नाही. निर्णय माझा होता. खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे मला समजावून सांगितलं आहे. वकील पाहिजे का असं विचारलं, मी नको म्हणालो. ट्रेकमध्ये वापरलेली नारिंगी प्लास्टिकची शिट्टी मी आज इथे जमा करत आहे. ती मला परत नको.

मराठीत जबाब देण्याचं कारण: सोजरबाईंना इंग्रजी येत नाही. याची एक प्रत त्यांना मनमाडला पाठवावी अशी माझी विनंती आहे. त्यांना वाचता येतं, पण चष्म्याचा त्रास आहे, तेव्हा त्यांच्या शेजारचं कुणी वाचून दाखवेल. एवढं सगळं ऐकायला त्यांना जड जाईल. म्हणून वाचणाऱ्याने आधी एवढंच वाचावं: सुयशने ऐकलं. प्रतीक्षाने थांब म्हटलं तेव्हा तो थांबला होता. मी बोलावलं तेव्हा नको म्हणाला, आणि मी पुन्हा बोलावलं म्हणून आला. हीच प्रत करुणालाही द्यावी. अंजूला काय सांगायचं ते तिची आई ठरवेल.

वरील मजकूर श्रीमती कुमार यांनी टाइप केला आणि फोनवरून मला दोन वेळा वाचून दाखवला. काठ्या आडव्या धरल्याच्या ठिकाणी त्या दोन्ही वेळा थांबल्या. मी त्यांना पुढे वाचायला सांगितलं. पहिला जबाबही मला वाचून दाखवला होता, आणि मी बरोबर आहे म्हणून सही केली होती. ते बरोबर नव्हतं. हे बरोबर आहे.

सही: भास्कर विश्राम सकपाळ